घरच्या ओसरीवर यंत्रशास्त्र



बांधावरचा जड धोंडा हलवायचा असला, की आपण पहार घेतो, तिच्याखाली एक लहान दगड सरकवतो आणि पहारीच्या लांब टोकावर भार टाकतो. हे आपल्याला कोणी शाळेत शिकविलेले नसते. बापाला करताना मुलगा पाहतो आणि शिकतो. पुढे तोच मुलगा वरच्या इयत्तेत जातो आणि ‘तरफेचे प्रकार किती व कोणते’ या प्रश्नाचे उत्तर घडाघडा म्हणून दाखवतो. टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे, सारे काही त्याला पाठ असते. पण गोठ्यामागे टेकून ठेवलेली पहार हीच ती तरफ, हे मात्र पुष्कळदा त्याच्या ध्यानात येत नाही. हाताला जे ठाऊक आहे आणि पुस्तकात जे छापले आहे, त्यांची एकमेकांशी ओळखच झालेली नसते. ही ओळख घरच्या घरी, थोडक्या खर्चात, खेळता खेळता कशी करून देता येईल, ते आज पाहू.

शहरातल्या खेळण्यांच्या दुकानांत पत्र्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या, चाके, आस, कप्प्या, दंतचक्रे आणि मळसूत्री खिळे यांची पेटी मिळते. तिच्यातून क्रेन, पूल, गाडी असे काय वाटेल ते जोडता येते आणि पुन्हा सुटे करता येते. या खेळण्याचा जन्म इंग्लंडात लिव्हरपूल शहरी झाला. फ्रँक हॉर्नबी नावाचा एक गृहस्थ मांसाच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होता. आपल्या मुलांना खेळायला क्रेन करून द्यावी म्हणून त्याने पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक नव्या खेळण्यासाठी नवे भाग कापत बसण्यापेक्षा तेच भाग पुन्हा पुन्हा वापरता आले तर काय बहार होईल, असा विचार त्याच्या मनात आला. म्हणून त्याने साऱ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर, अर्ध्या अर्ध्या इंचावर, सारख्याच आकाराची भोके पाडली. १९०१ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. पहिल्या पेट्यांचे नाव ‘यंत्रविद्या सोपी’ अशा अर्थाचे होते. १९०७ पासून ‘मेकॅनो’ हे नाव रूढ झाले.

आता या खेळण्यातली खरी किमया कोणती? मुलाला विचाराल तर तो चाकाकडे किंवा दातांकडे बोट दाखवील. पण किमया आहे त्या सारख्या अंतरात. कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जुळते, याचे कारण भोकांमधले अंतर ठरलेले आहे. आपल्या गावचा सुतार गाडी करतो, तेव्हा या गाडीचे चाक त्या गाडीच्या कण्याला बसेलच असे नाही. जागच्या जागी तासून, घासून तो ते बसवितो. कारखान्यात असे चालत नाही. पंपाचा एक भाग झिजला, की तालुक्याच्या दुकानातून त्याच मापाचा दुसरा आणायचा आणि बसवायचा. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर नवा नांगर घ्यावा लागत नाही. हे जे अदलाबदलीचे तत्त्व, त्यावर आजचा सारा यंत्रोद्योग उभा आहे. मेकॅनोची पेटी हे तत्त्व मुलाच्या हाती देते, आणि तेही व्याख्येवाचून.

हे नुसते पोरखेळ आहेत असे कोणी समजू नये. १९३४ साली मँचेस्टरच्या विद्यापीठात डग्लस हार्ट्री हे गणिती आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्याच भागांतून अवघड समीकरणे सोडविणारे एक गणकयंत्र उभे केले होते, आणि ते चालले.

पण मंडळी, खरी अडचण पुढेच आहे. ही पेटी स्वस्त नसते. ज्या घरात वहीपुस्तकांचा खर्चच जड जातो, तिथे ती यायची कुठून? आणि आली तरी एक खिळा ओसरीच्या फटीत पडला, की आई म्हणणार, “ठेव ती पेटी वर, हरवशील सगळं!” मग पेटी फडताळात आणि मुलगा पुन्हा पाठांतराला.

या अडचणीवर एक फार सुंदर तोड निघाली, आणि ती काढणाऱ्या गृहस्थांचा आपल्या पुण्याशी जवळचा संबंध आहे. अरविंद गुप्ता यांनी कानपूरच्या आय. आय. टी. मधून इंजिनियरची पदवी घेतली आणि ते पुण्यास टेल्कोच्या मोटार कारखान्यात नोकरीस लागले. १९७८ साली ते मध्यप्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे खेड्यातल्या शाळांत हाताने प्रयोग करून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम १९७२ पासून चालू होता. गावच्या बाजारात हिंडताना त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेतली, आगपेटीच्या काड्या घेतल्या आणि काडी त्या नळीत घट्ट बसते हे पाहिले. झाले! गरिबाघरचा मेकॅनो तयार झाला. पुढे ते पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात बरीच वर्षे होते. टाकाऊ वस्तूंतून खेळणी कशी करावीत हे सांगणारी त्यांची पुस्तके आणि चित्रफिती कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांत मराठीतीलही पुष्कळ आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा आपणही हा संच करू या. लागणारे सामान असे: एक आगपेटी, सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी हातभर व्हॉल्व्हची नळी, बाभळीचा एक सुकलेला काटा आणि ब्लेड. पहिले काम मोठ्या माणसाचे. प्रत्येक काडीचा गुल ओला करून खरवडून टाकायचा, म्हणजे पेट घेण्याची भीती उरत नाही. ब्लेडनेही मोठ्यांनीच नळीचे बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे तुकडे कापावेत. अगदी लहान मूल घरात असेल, तर हे तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका; लहान मुले हाती येईल ते तोंडात घालतात.

आता एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसा. हा झाला सांधा. तो आपल्या कोपरासारखा वाकतो. अशा तीन काड्या आणि तीन सांधे जोडून त्रिकोण करा. चार काड्यांचा चौकोन करा. मग मुलाला सांगा, “दोन्ही दाबून बघ.” चौकोन लगेच कलतो, तिरपा होतो, पार चपटाही होतो. त्रिकोण मात्र हलत नाही. काड्या त्याच, सांधे तेच; मग असे का? उत्तर लगेच सांगू नका, बरं का! मुलाला दाबू द्या, ओढू द्या. त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली, की त्याचे कोन आपोआप ठरतात. चौकोनाचे तसे नाही. भूमितीतले हे सत्य मुलाला आधी बोटांनी कळेल, मग डोक्याने.

पुढे विचारा, “हा चौकोन घट्ट करायचा तर काय करशील?” खराट्याची एक काडी कर्णावर तिरकी बांधली, की काम झाले. पंचकोनाला अशा दोन काड्या लागतात, षट्कोनाला तीन. तुम्ही सांगायची गरज नाही. मुलेच मोजतील आणि सप्तकोनाला चार लागणार हे करण्याआधीच ओरडून सांगतील. शिक्षकमित्रहो, नियम शोधून काढण्याचा हा आनंद एकदा मिळाला, की त्या मुलाला गणिताची भीती दाखविणे कठीण जाते.

मग त्याला बाहेर घेऊन जा. घराच्या आढ्याखालची कैची दाखवा. शेतातून गेलेल्या विजेच्या उंच मनोऱ्याकडे बोट करा. वाड्याच्या फाटकाला मारलेली तिरकी पट्टी दाखवा. जिथे जिथे माणसाला घट्टपणा हवा, तिथे तिथे त्याने त्रिकोण बसविला आहे. कालपर्यंत जो नुसता मनोरा होता, तो आज त्या मुलाला वाचता येऊ लागतो.

काट्याचे काम आता. त्रिकोणाच्या तीनही सांध्यांना मधोमध काट्याने भोक पाडा आणि त्यांत एकेक काडी उभी करा. या तीन काड्यांची वरची टोके तीन तोंडांच्या एका सांध्यात आणा. सहा काड्यांचा आणि चार सांध्यांचा हा मनोरा तळहाताने दाबला तरी ढळत नाही. बारा काड्यांचा ठोकळा केलात, तर तो मात्र कोसळेल. त्याच्या सहाही बाजूंवर एकेक तिरकी काडी दोऱ्याने घट्ट बांधा, की तोही ताठ उभा राहील.

इथवर झाली रचना. आता हालचालीकडे वळू.

एक फूटपट्टी घ्या, तिच्या बरोबर मध्यावर दोरा बांधून ती टांगा. एका बाजूला मध्यापासून दहा सेंटिमीटरवर एक नाणे चिकटवा. दुसऱ्या बाजूला त्याच जातीची दोन नाणी कुठे ठेवली म्हणजे पट्टी आडवी राहील? मूल सरकवीत सरकवीत पाच सेंटिमीटरवर येते. दुप्पट भार, निम्मे अंतर. आता पहारीकडे चला. पाच फुटी पहार आहे, म्हणजे साठ इंच. टेकू धोंड्यापासून सहा इंचांवर ठेवला, तर हाताकडे चौपन्न इंच उरले, सहाची नऊपट. एक माणूस नऊ माणसांचे बळ लावतो! पण ही देणगी फुकटची नाही. धोंडा एक इंच उचलायला हात नऊ इंच खाली न्यावा लागतो. जेवढे बळात वाचले, तेवढे अंतरात मोजावे लागले. यंत्रशास्त्राचा सारा जमाखर्च या एका वाक्यात आहे. मुलाला हे वाक्य पाठ करायला लावू नका. पहारीच्या दोन्ही टोकांशी पट्टी धरून मोजायला लावा.

तरफेचे उरलेले दोन प्रकार स्वयंपाकघरात आहेत. अडकित्त्यात सांधा एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला; इथे बळ वाढते. चिमट्यात हाताची पकड मध्ये आणि भाकरी टोकाला. इथे बळ उलट कमी होते. मग चिमटा कशाला वापरायचा? बोट भाजू नये म्हणून. यंत्र नेहमी बळच वाढविते असे नाही. कधी ते दिशा बदलते, कधी वेग देते, कधी हाताला जपते. विहिरीवरच्या एका कप्पीने घागरीचे वजन तसूभर कमी होत नाही. पण वर ओढण्याऐवजी खाली ओढता येते आणि आपल्या अंगाचा भार उपयोगी पडतो. रिकाम्या रिळांची कप्पी करून पाहा. दोऱ्याचे एक टोक वर बांधून दुसरे रीळ ओझ्याबरोबर वर जाऊ दिले, तर ओझे निम्मे वाटते आणि दोरा दुप्पट ओढावा लागतो. पुन्हा तोच जमाखर्च!

आमच्या खंडाळ्याच्या मंडळींना उतरण शिकविण्यासाठी निराळे साधन शोधायला नको. गावाच्या दक्षिणेला खंबाटकीचा घाट उभा आहे. रस्ता असा वळणे घेत घेत का वर चढतो? सरळ का जात नाही? मुलांना विचारा आणि उत्तर प्रयोगाने काढू द्या. नव्वद सेंटिमीटरची एक फळी घ्या. तिचे एक टोक तीस सेंटिमीटर उंच ठेवा. खेळण्यातल्या गाडीत खडे भरून ती रबरबँडने वर ओढा. रबर किती ताणले गेले ते मोजा. मग टोक पंधरा सेंटिमीटरवर आणा आणि पुन्हा ओढा. पहिल्या वेळी गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे बळ लागते, दुसऱ्या वेळी सहाव्या हिश्श्याएवढे. घर्षणामुळे त्यात थोडी भर पडते. घाटाचा रस्ता म्हणजे अशीच एक लांबविलेली फळी. चढायची उंची तेवढीच, पण वाट लांब केली म्हणून चढ सुसह्य झाला.

आता गंमत पाहा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा, त्याची तिरकी बाजू शाईने रंगवा आणि उभ्या बाजूकडून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. काय दिसते? मळसूत्र! म्हणजे मळसूत्र हा पेन्सिलीभोवती गुंडाळलेला घाटच. भरलेला ट्रक एकटा ड्रायव्हर मळसूत्री जॅकने उचलतो, कारण तो त्या इवल्याशा घाटाची लांबच लांब वाट आपल्या दांड्याने फिरून काढतो.

दंतचक्रासाठी दारातली सायकल आहेच. साखळीच्या पुढच्या चाकाचे दाते मुलाला मोजायला सांगा, मागच्या चाकाचेही मोजायला सांगा. समजा पुढे ४८ आणि मागे १८ आले. पायंडलचा एक फेरा झाला, की मागचे चाक दोन पूर्णांक दोन तृतीयांश फेरे घेणार. मोठ्या सायकलच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाईल. हे कागदावर काढल्यावर अंगणात खूण करून पायंडल एकदा फिरवा आणि टेपने मोजा. हिशेब आणि अंगण यांचा मेळ बसला, की मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा. त्या फेऱ्यात पाय जेमतेम मीटरभर फिरतो. अंतर सहापट मिळाले, तेव्हा बळ सहावा हिस्सा झाले. पहारीच्या अगदी उलट. चढावर सायकल का दमविते, याचे उत्तर यात आहे.

सायकलवरून एक आठवण द्यावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यंत्रांची चित्रे काढायला शिकवीत असत. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तिथून ते शेतीच्या अवजारांकडे वळले, आणि १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल अशी शंका तेव्हा शेतकरी घेत, असे सांगतात. ज्यांनी रयत शिक्षण संस्था उभी केली ते कर्मवीर भाऊराव पाटील हेही तरुणपणी काही काळ या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले होते. आपल्या भागात यंत्र आणि शाळा यांचे नाते असे जुने आहे. ते नाते वर्गाच्या चार भिंतींत मात्र अजून पुरते रुजलेले नाही.

हे रुजणे आज का निकडीचे आहे? शिरवळपासून खंडाळ्यापर्यंत कारखाने उभे राहिले आहेत. आपली मुले तिथे कामाला जातात. यंत्राचे बटण दाबणारा आणि यंत्र जाणणारा, दोघेही एकाच दरवाज्याने आत शिरतात. पण यंत्र बदलले, की पहिल्याला घरचा रस्ता धरावा लागतो आणि दुसऱ्याला नवे यंत्र शिकता येते. हा फरक पदवीने पडतो त्याहून अधिक लहानपणच्या सवयीने पडतो: वस्तू उलगडून पाहण्याची, मोजण्याची, चुकले तर पुन्हा जोडण्याची सवय. ती विसाव्या वर्षी लावायला फार उशीर होतो.

म्हणून पालकांना दोनचार सूचना. पेटीबरोबर चित्रांची पुस्तिका येते. तिच्यावरून एखादी वस्तू करू द्या, पण तिथे थांबू नका. चित्रावरून जोडणे हे कित्ता गिरवण्यासारखे आहे. कित्त्याने अक्षर वळते, पण पत्र लिहायला येत नाही. “आपल्या विहिरीवर ओझं उचलायला काय करशील?” असा घरचा प्रश्न द्या. क्रेन पुढे कलंडली तर तुम्ही हात घालू नका. मागे वजन ठेवावे लागते हे ती कलंडणारी क्रेनच शिकविते. मुलाने जुना टॉर्च किंवा बिघडलेले घड्याळ उघडले, तर ‘मोडलेस’ म्हणू नका. सुटे भाग कागदावर ओळीने मांडायला शिकवा. विजेच्या वस्तूला मात्र हात लावू देऊ नका. बाजारची पेटी घ्यायची ऐपत असेल, तर जरूर घ्या. पट्ट्या, आस आणि दंतचक्रे यांची जागा काडी घेऊ शकत नाही. शाळेने एक पेटी घेऊन ती आठवड्याला एका घरी पाळीपाळीने दिली, तर एका पेटीत सारा वर्ग शिकेल.

आणि शेवटची गोष्ट. घरात पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर आला, की तो सहसा मुलाच्या हाती जातो आणि मुलगी बाजूला उभी राहून पाहते. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. मुलीच्या हाती पाटी देण्यासाठी त्यांनी काय सोसले, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाटी मिळाली, आता पानाही तिच्या हाती द्या. जात्याचा खुंटा कडेला का बसवितात, हे तिला आजीच्या हातावरून आधीच ठाऊक असते. त्याचे कारण सांगण्याची संधी तेवढी तिला मिळायला हवी.

एक आगपेटी, हातभर नळी आणि एक काटा. येत्या रविवारी ओसरीवर मुलांना घेऊन बसा, आणि आधी त्रिकोण करा.